ठिणगी कुठं अडली?

पूर्वी गावात टपाल आलं की त्यात काय असायचं? मुंबईच्या पोराची मनीऑर्डर, सासरी गेलेल्या लेकीचं पत्र, नाहीतर सोसायटीची नोटीस. आता मोटरसायकलवर पाठीला पोतंभर थैला लावलेला पोरगा येतो. त्याच्या थैल्यातून साडी निघते, चप्पल निघते, फवारणी पंपाचा नोझल निघतो आणि पॉवर वीडरच्या इंजिनाची कॉइलसुद्धा निघते. एका बोल्टासाठी एस.टी.नं तालुक्याला जायचं, दुकानदारानं "पुढच्या सोमवारी या" म्हणायचं आणि सोमवारी गेल्यावर पुन्हा तेच ऐकायचं, हा वनवास ज्यांनी काढला आहे त्यांना या सोयीची किंमत विचारा. मी स्वतः फोनवरून भाग मागवतो. तेव्हा हे लिहिणं त्या खरेदीच्या विरुद्ध आहे, असं कुणी समजू नये.

पण शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, गेल्या काही वर्षांत वाड्यावस्त्यांवर मी एक गोष्ट पाहतो आहे. यंत्र बंद पडलं की आधी भाग मागवला जातो आणि मग दोष शोधला जातो. फोन भाग घरपोच आणून देतो, दोष काही शोधून देत नाही. बैल वैरण खाईना झाला तर आपण काय करतो? तोंड उघडून जीभ बघतो, कान गार लागतात का ते पाहतो, शेण बघतो, पोट फुगलंय का ते थोपटून बघतो. मग डॉक्टरांना बोलावतो. जनावराला हातही न लावता इंजेक्शन टोचणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र चांगली शहाणी माणसं नेमकं तेच करतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

याचं एक कारण माझ्या ध्यानात आलं आहे. आपल्या माणसांना इंजिन नवं नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हँडल मारत आपली एक पिढी म्हातारी झाली. पण डिझेल इंजिनाला प्लग नसतो. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनाला पेटवायला ठिणगी लागते. ती वेळेवर आणि जोरकस पडावी लागते. आता गवत कापायचं यंत्र, फवारणीचा पंप, छोटा वीडर अशी पेट्रोलवर चालणारी लहान इंजिनं घरोघरी आली आहेत. डिझेलवर हात बसलेला माणूस तिथं गोंधळतो, कारण ठिणगी कुठून येते हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ते सोपं करून सांगतो. इंजिनाच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाच्या कडेला अगदी थोडी फट ठेवून कॉइल बसवलेली असते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. आपण दोरी ओढली की चुंबक कॉइलजवळून झपकन जातो आणि जाड तारेत करंट तयार होतो. नेमक्या क्षणी तो करंट एकदम तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो, आणि तो प्लगच्या टोकाशी उडी मारतो. ती उडी म्हणजेच ठिणगी. याला बॅटरी लागत नाही. १९०२ साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी तयार केली. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना 'मायको'चा प्लग आठवत असेल. ती कंपनी १९५१ साली बंगळूरला स्थापन झाली आणि २००८ पासून तिचं नावही बॉश झालं.

करंट तोडायचं काम पूर्वी पॉइंट करायचे. लूना १९७२ साली आली. मी इंजिनाचं जे काही शिकलो ते तिच्यावर. राजदूत आणि येझदीलाही पॉइंटच होते. पॉइंटवर काजळी धरली की पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेज घालून फट बघायची, कंडेन्सर गेला तर दोन रुपडे टाकून बदलायचा. दोष डोळ्यांना दिसायचा. आताच्या इंजिनात पॉइंट नाहीत. त्यांचं काम कॉइलच्या पोटात बंद केलेला छोटा इलेक्ट्रॉनिक भाग करतो. तो झिजत नाही, त्याला घासावं लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण आत काही दिसत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही, बदलावीच लागते. म्हणून इंजिन चालू होईना म्हटलं की मिस्त्रीच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "कॉइल गेली."

हाच शब्द माझ्या आक्काच्या घरी २०२४ च्या पावसाळ्यात पंधरा दिवस घुमत होता.

आक्काचं गाव आमच्यापासून आठ कोसांवर, कृष्णाकाठाला. दाजी जाऊन आता काही वर्षं झाली. भाचा एका कारखान्यात कामाला होता, तो नोकरी सोडून शेतीवर आला. दावणीची बैलजोडी थकली होती, वैरण पुरेना, म्हणून ती विकली आणि त्या पैशात भर घालून पेट्रोलवरचा पॉवर वीडर घेतला. बैल गेले त्या दिवशी आक्का जेवली नव्हती. पण नंतर तिनंच वीडरला हळदकुंकू लावलं. दोन वर्षं यंत्रानं चांगलं काम दिलं. सोयाबीनची कोळपणी, उसाची बाळबांधणी, वर शेजाऱ्यांची भाड्यानं कामं.

त्या साली जूनच्या मध्याला सोयाबीन पेरलं. दोन एकर. सोयाबीनचं पहिलं महिना-दीड महिना तण आवरलं तर पीक हाताला लागतं, नाहीतर तणच वर येतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. पंचविसाव्या दिवशी पावसानं उघडीप दिली, वाफसा आला आणि त्याच सकाळी वीडर बंद पडला. दोरी ओढून ओढून भाच्याच्या खांद्याला सूज आली. त्यानं तालुक्याच्या एका मिस्त्रीला फोन केला. मिस्त्रीनं यंत्र न बघताच सांगितलं, "कॉइल गेली असंल. मागवून टाक."

भाच्यानं फोनवर शोधून कॉइल मागवली. 'सात एच.पी. वीडरची कॉइल' एवढंच बघून मागवली. चौथ्या दिवशी ती आली, तर बोल्टाची भोकं जुळेनात. ती परत पाठवली आणि दुसरी मागवली, जास्त किमतीची. ती नवव्या दिवशी आली. ही बरोबर बसली, पण ठिणगी काही पडेना. भाच्याला वाटलं, हीसुद्धा डुप्लिकेट. विकणाऱ्याला त्यानं चार शब्द सुनावले आणि तिसरी मागवायच्या तयारीला लागला. इकडं एका एकरात तण सोयाबीनच्या खांद्याला लागलं होतं. आक्कानं बायका लावून भांगलण सुरू केली. तीनशे रुपये रोज, चौदा रोज झाले. हिशोब करा, बेचाळीसशे रुपये एका एकराला गेले. दुसरा एकर तसाच उभा, आणि आभाळ पुन्हा भरून यायला लागलेलं.

मी गेलो तेव्हा भाचा यंत्रापाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मामा, बैल इकायला नगं हुतं. त्येनी निदान दुखतंय खुपतंय ते दावलं तरी असतं."

मी म्हटलं, "हे लोखंडसुद्धा दाखवतं रे. आपण विचारत नाही."

आक्का चुलीपासून उठून दारात आली. मी तिला विचारलं, "आक्का, बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवलं होतं का?"

ती म्हणाली, "आठ दिस आधीपासनं बांधाला वळवताना अडखळत हुतं बघ. सरळ जाताना बरं, आन हँडल दाबून वळीवलं की फट् फट् करून मरायचं. मी म्हनलं बी ह्येला. पर माझं कोन ऐकतंय?"

अर्धा दोष तिथंच सापडला. कॉइल काय, प्लग काय, त्यांना हँडल दाबल्याचं सोयरसुतक नसतं. हँडल दाबल्यावर जे हलतं त्यातच काहीतरी होतं. तरीसुद्धा मी पायरीपायरीनंच गेलो, कारण अंदाज आणि खात्री यांत एक एकराचं अंतर असतं. त्या पायऱ्या तुमच्या उपयोगाच्या आहेत म्हणून क्रमानं देतो.

सगळ्यांत आधी जिवाची काळजी. ठिणगी तपासायची म्हणजे पेट्रोलजवळ आग काढायची. यंत्र उघड्यावर आणा. पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या, बिडी-काडी लांब ठेवा. प्लग काढल्यावर सिलिंडरच्या भोकापासून ठिणगी दूर पाडा, कारण दोरी ओढताना त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. प्लग उघड्या हातानं धरू नका, रबरी मुठीच्या पक्कडीनं धरा. झटका जोराचा असतो. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसानं तर या कामाला हातच लावू नये.

दुसरं, स्विच चालू आहे ना ते पाहा. हसू नका, निम्मी इंजिनं इथंच चालू होतात. त्याबरोबर इंजिन सपाटीवर ठेवून ऑइल तपासा. पुष्कळशा चार-स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारी सोय असते. इंजिन जळू नये म्हणून ती ठेवलेली असते. माणूस कॉइल बदलत बसतो आणि इंजिन बिचारं ऑइल मागत असतं.

तिसरं, प्लग काढून त्याचा चेहरा बघा. विटकरी, तांबूस रंग असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय. बरेच हिसके मारूनही प्लग कोरडाच राहिला तर पेट्रोल पोचत नाही, कार्बोरेटरकडं वळा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगीवर संशय घ्या. आक्काच्या वीडरचा प्लग चिंब ओला होता.

चौथं, चांगला चालता प्लग टोपीत बसवा. त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला घट्ट टेकवा आणि सावलीत दोरी जोरात ओढा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी-तांबडी, बारीक ठिणगी अशक्त. अशक्त ठिणगी उघड्यावर पडते, पण सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की आत पडत नाही, हे ध्यानात ठेवा. प्लगची फट या इंजिनांत साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ती फार वाढली असली तरी ठिणगी अडते. आमच्या त्या यंत्रात नव्या प्लगवरही ठिणगीचा पत्ता नव्हता.

पाचवी पायरी महत्त्वाची, आणि तीच सगळे गाळतात. कॉइलला जाड वायर असते ती प्लगकडं जाते. त्याशिवाय एक बारीक वायर असते. ती बंद करायच्या स्विचकडं आणि ऑइलच्या त्या सोयीकडं जाते. आपण स्विच बंद करतो तेव्हा ही बारीक वायर इंजिनाच्या बॉडीला जोडली जाते, करंट लोखंडात उतरतो आणि ठिणगी मरते. म्हणजे या वायरला वाटेत कुठंही लोखंड लागलं, तर इंजिनाच्या दृष्टीनं स्विच कायमचा बंदच. तेव्हा ही बारीक वायर कॉइलपासून सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. ठिणगी पडली तर कॉइल निर्दोष, दोष स्विचमध्ये, वायरीत किंवा ऑइलच्या सोयीत. नाही पडली तरच कॉइलकडं बोट दाखवा. ही सोडवलेली वायर फक्त तपासणीपुरती. ती सोडून इंजिन चालवलं तर स्विचनं बंद होणार नाही, आणि फिरत्या पात्यांचं यंत्र बंद होत नसलं तर पाय जायला वेळ लागत नाही.

मी बारीक वायर सोडवली आणि भाच्याला म्हटलं, ओढ दोरी. निळी ठिणगी चट्‌कन पडली. आक्का लांब उभी होती, तिलाही दिसली. मग आम्ही ती वायर बोटांनी चाचपत वर गेलो. हँडलच्या नळीला जिथं पट्टीनं आवळली होती तिथं तिचं प्लॅस्टिक घासून गेलं होतं आणि आतली तांबडी तार नळीला टेकली होती. दोन वर्षं हँडल थरथरून थरथरून ते झालं होतं. घासलेला तुकडा बदलला, वर रबरी नळीचं वेष्टण चढवलं, पट्टी सैल करून जागा बदलली. खर्च वीस रुपयांच्या आतला.

भाचा काही वेळ गप्प होता. मग त्यानं स्वतःहून जुनी कॉइल पुन्हा बसवून पाहिली. तिच्यावरही तशीच निळी ठिणगी. म्हणजे जिला पंधरा दिवस मेली म्हणत होतो ती ठणठणीत होती, आणि ज्या नव्या कॉइलला डुप्लिकेट ठरवून विकणाऱ्याला बोल लावले तीही खरी होती. बंधूंनो, या प्रकरणातून घ्यायचं ते एवढंच आहे. निदान चुकलं की बरोबर भागसुद्धा खोटा ठरतो, आणि खरा माणूससुद्धा लबाड वाटतो.

त्याच दुपारी दुसऱ्या एकरात वीडर घातला. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा चारच सऱ्या राहिल्या होत्या. त्या आक्कानं नंतर खुरप्यानं काढल्या.

कॉइल बसवताना चाक आणि कॉइल यांच्यातल्या फटीची मात्र काळजी घ्यावी लागते. बऱ्याच चार-स्ट्रोक लहान इंजिनांत ही फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. फिलर गेज नसेल तर मध्ये एक जाड व्हिजिटिंग कार्ड घालायचं, चाक फिरवून चुंबक समोर आणायचा, तो कॉइलला ओढून धरतो, मग बोल्ट आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचं. फट जास्त राहिली तर ठिणगी अशक्त पडते, कमी राहिली तर चाक घासतं. चाकाच्या चुंबकावर गंज असेल तर तोही पॉलिश पेपरनं काढावा. पावसाळाभर गोठ्यात उभ्या यंत्राला हा गंज हमखास धरतो.

आणखी एक दुखणं नेहमी फसवतं. इंजिन थंड असताना झटक्यात चालू होतं, वीस-पंचवीस मिनिटं चालतं आणि तापलं की बंद. गार झालं की पुन्हा चालू. असं झालं की दोन संशयित असतात. कॉइलच्या आतली तार तापल्यावर तुटत असेल, किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणातलं बारीक भोक मातीनं बुजलं असेल. भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. दोघांतला चोर ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन बंद पडलं की लगेच झाकण सैल करा. 'सूं' आवाज येऊन थोड्या वेळात इंजिन चालू झालं तर झाकण धुवा, फुकटात काम होईल. तसं झालं नाही तर इंजिन गरम असतानाच ठिणगी बघा, मात्र सांडलेलं पेट्रोल तापल्या लोखंडावर नाही याची खात्री करून. बारीक वायर सोडवल्यावरही गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, तर कॉइल गेली. मग बेलाशक मागवा.

मागवायची कशी, तेही सांगतो. वीडरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाव हे पुष्कळदा विकणाऱ्या कंपनीचं असतं. इंजिन दुसऱ्याच कारखान्याचं असतं. होंडानं १९८३ साली जीएक्स नावाची लहान इंजिनं काढली. त्याच धाटणीची इंजिनं पुढं अनेक कारखान्यांनी अनेक नावांनी केली. त्यामुळं एकच कॉइल दहा यंत्रांना बसते, आणि 'सात एच.पी.' एवढ्यावर मागवलेली कॉइल एकालाही बसत नाही, असंही होतं. इंजिनावर कोरलेला किंवा पत्र्यावर छापलेला मॉडेलचा आणि इंजिनाचा नंबर उतरून घ्या. जुन्या भागावर काही अंक असतील तर तेही घ्या. बोल्टाच्या दोन भोकांतलं अंतर पट्टीनं मोजा, वायरीची लांबी आणि टोकाचा आकार बघा. जुना भाग पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि विकणाऱ्याच्या फोटोशी ताडून बघा. शंका असेल तर मागवण्याआधी त्याला विचारा आणि उत्तर लेखी ठेवा.

किमतीआधी परतीचा नियम वाचा. एकदा यंत्राला बसवलेला विजेचा भाग पुष्कळ विकणारे परत घेत नाहीत. म्हणून दोष पक्का होईपर्यंत बसवायची घाई नको. पुडकं उघडताना घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, चुकीचा माल आला तर तोच साक्षीदार. बिल जपून ठेवा.

आणि माल चुकीचा आला, पैसे परत मिळेनात, तर हात बांधून बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि फोनवरून होणाऱ्या खरेदीसाठी त्याच महिन्यात वेगळे नियम आले. विकणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक मदत केंद्राकडं तक्रार नोंदवता येते. तरीही न्याय मिळाला नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जाता येतं, विकणारा दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. भाच्याच्या पहिल्या, भोकं न जुळलेल्या कॉइलचे पैसे असेच १९१५ ला फोन केल्यावर परत आले.

मात्र एक धोक्याचा कंदील दाखवून ठेवतो. 'पैसे परत देतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असा फोन आला तर तो चोराचा समजा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. असा दगा झालाच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

आक्काच्या घरी आता शंभर पानी वही टांगलेली आहे. पहिल्या पानावर इंजिनाचा नंबर, प्लगचा नंबर, ऑइल किती लागतं आणि कधी बदललं. पुढच्या पानांवर यंत्राचं दुखणं जसं दिसेल तसं तारीखवार. भाचा भागांचे नंबर लिहितो आणि दुखणी आक्का सांगते. 'चढाला आवाज बसतो', 'सकाळी तीन हिसके लागले', असं तिच्याच शब्दांत. न लागलेली कॉइल तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहे, कधीतरी कामाला येईल. भाच्याकडं आता शेजारपाजारची यंत्रं यायला लागली आहेत. कुणी दुरूनच "कॉइल गेली वाटतं" म्हणालं की तो म्हणतो, "यंत्र घेऊन या. आन ते रोज कोन चालवतंय त्येला बी संगट आना."